तारीख संपादकाची आणि तारीख आपली: गोव्यात फ्रीलान्स मराठी लेखन करणाऱ्यांसाठी

गोव्यात घरी बसून मराठीत लिहून संसार चालवणाऱ्याच्या टेबलावर एका वेळी साधारण चार प्रकारची कामं असतात. एखाद्या दैनिकाच्या रविवार पुरवणीचा लेख, देवस्थानाची किंवा शाळेची स्मरणिका, इंग्रजीतून मराठीत अनुवाद, आणि चौथं म्हणजे स्वतःचं काहीतरी, ज्याची वाट कोणीच पाहत नसतं. पहिल्या तिघांना तारीख असते, चौथ्याला नसते, म्हणून तेच मागे पडतं. त्याच्याबरोबर मागे पडतात त्या लहानसहान गोष्टी, ज्यांच्यासाठी ठरलेल्या पगाराची नोकरी नको वाटली होती: पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकून दारात जाणं, अकराची पेज निवांत खाणं, संध्याकाळी फेरीबोटीतून पलीकडे जाऊन उगाच परत येणं.

यावर उपाय आहे आणि तो वेळापत्रकातच आहे. प्रत्येक कामाला दोन तारखा ठेवायच्या. एक संपादकाची आणि एक घरची, म्हणजे त्याआधीची. या दोन तारखांमधल्या फटीत वीज जाते, पाहुणे येतात, ताप येतो. आणि यातलं काही झालं नाही, तर तो वेळ तुमचा असतो.

घरची तारीख किती आधी ठेवायची

पाचशे शब्दांपर्यंतच्या मजकुराला अर्धा दिवस पुरतो. हजार-बाराशे शब्दांच्या लेखाला दोन दिवस हवेत. वीसेक पानांचा अहवाल किंवा स्मरणिकेचं संपादन असेल तर चार दिवस ठेवा, कारण तिथे दुसऱ्यांचे लेख यायचे असतात आणि ते उशिराच येतात. पुस्तकाच्या अनुवादाला एकूण मुदतीचा दहावा भाग: सहा महिन्यांच्या कामाला अठरा दिवस.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त घरची तारीख लिहायची. संपादकाची तारीख फाइलमध्ये पहिल्या ओळीत असू द्या, डोळ्यांसमोर नको. तरीही महिन्याभरात मनाला कळतं की ही तारीख आपणच घातलेली आहे, आणि ते सैल होतं. बहुतेकांची पद्धत इथेच मोडते. यावर एकच गोष्ट चालते: घरच्या तारखेला कोणीतरी खरोखर वाट पाहत असलं पाहिजे. बहीण, शेजारचे निवृत्त मास्तर, लिहिणारी मैत्रीण, कोणीही चालेल. त्यांना आधीच सांगून ठेवायचं, 'बुधवारी रात्री लेख पाठवते, गुरुवारी सकाळी वाचून सांग.' वाचणारा माणूस साहित्यिक असण्याची गरज नाही. कुठे थांबायला झालं आणि कुठे कंटाळा आला, एवढं त्याने सांगितलं तरी पुरे.

एक उदाहरण मांडून पाहू. खाजन शेतीवर (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतल्या शेतीवर) बाराशे शब्दांचा लेख, संपादकाला पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता हवा आहे. काम आलं आजच्या शुक्रवारी. आजच पंधरा मिनिटं काढून तीन गोष्टी लिहायच्या: लेख कशाबद्दल आहे ते एका वाक्यात, कोणाशी बोलायचं ती नावं, आणि मला माहीत नसलेल्या गोष्टी. मानस म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारा दरवाजा, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण तो भरतीला आपोआप कसा मिटतो, बांध कशाने बांधतात, फुटला तर दुरुस्ती कोण करतं, हे शेतकऱ्यालाच विचारावं लागतं. शनिवारी दोन तास वाचन आणि आठ प्रश्नांची यादी. रविवारी काही नाही. सोमवारी फोन किंवा प्रत्यक्ष भेट. टिपणं त्याच दिवशी स्वच्छ लिहून काढायची, कारण दोन दिवसांनी स्वतःचंच अक्षर लागत नाही. मंगळवारी कच्चा मसुदा, चारशे शब्दांच्या तीन बैठकांत. बुधवारी सकाळी काटछाट, रात्री पहिल्या वाचकाकडे. गुरुवार मोकळा. शुक्रवारी सकाळी मोठ्याने वाचायचं आणि अकराच्या आत पाठवून द्यायचं.

पाचपर्यंत वेळ असताना अकराला का? फाइल उघडली नाही, फोटो जड झाला, एखादा संदर्भ कळला नाही, तर ते दुपारी विचारता येतं. पाच वाजता पाठवलेल्या लेखातली चूक पानावर तशीच जाते.

आपला वेग मोजा

आपण तासाला किती लिहितो हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि होकार देताना मात्र ते ठाऊक असल्यासारखे आकडे सांगितले जातात. दोन आठवडे वहीत तीन रकाने भरा: काम कोणतं, वेळ किती, शब्द किती. दुरुस्तीचा वेळही धरायचा. सुरुवातीला अंदाज हवा असेल तर हे धरा: स्वतःची दुरुस्ती धरून अनुवाद तासाला तीनशे शब्द, स्वतंत्र लेख दोनशे, दुसऱ्याच्या मजकुराचं संपादन आठशे ते हजार. कायद्याची किंवा जमिनीची कागदपत्रं असली की अनुवादाचा वेग निम्म्यावर येतो.

दिवसात खरं लिहिणं चार तास होतं. कोणी आठ म्हणत असेल तर त्यात फोन, मेल, फेसबुक आणि चहा धरलेला असतो. चार तास नीट झाले तर दिवस भरला, असं समजून उरलेला वेळ वाटायचा.

दिवस गोव्याच्या घड्याळाने लावा

इथे दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात. झेरॉक्स, प्रिंट, कुरिअर ही कामं तेव्हा होत नाहीत. त्या वेळात कोणाला मुलाखतीसाठी फोन केला तर समोरचा माणूस झोपेतून उठून बोलतो, आणि तसंच बोलतो. फोन सकाळी दहा ते बारा किंवा संध्याकाळी साडेचारनंतर करा.

स्वतःचं लिखाण, ज्याला तारीख नाही ते, सर्वांत आधी. पहाटे साडेपाच ते सात. तेवढ्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. ओळी कमी झाल्या तरी चालतील, वेळ मोडायची नाही. पोदेराचा भोंपू वाजला की उठायचं. त्याच्या सायकलीवरच्या टोपलीतली गरम पोय किंवा उंडो घेऊन चहाला बसायचं. दुसऱ्यासाठी लिहिण्याचं काम यानंतर. हा क्रम उलटा केला, म्हणजे 'आधी पैशांचं संपवतो, मग माझं' असं ठरवलं, तर स्वतःचं लिखाण वर्षभर होत नाही, कारण पैशांचं काम कधीच संपत नाही.

साडेनऊ वाजता पेज चुलीवर ठेवण्याची सवय लिहिणाऱ्यांना फार उपयोगी पडते. एका माणसाला अर्धी वाटी उकडे तांदूळ, रात्री भिजवलेले, आणि साडेतीन वाट्या पाणी. उकळी आली की आच मंद करून झाकण किंचित तिरकं ठेवायचं. तांदळाला फूल फुटून वरचं पाणी दाटसर व्हायला पाऊण तास लागतो. जुना तांदूळ असेल तर तास. मीठ शेवटी. हा पाऊण तास म्हणजे एक बैठक: या वेळात फक्त लिहायचं, उठायचं ते पेज उतू जाण्याचा आवाज आला तरच. मग अकरा वाजता खारातलं तोर (मिठाच्या पाण्यातली कैरी) किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा घेऊन ती खायची. फोनमधल्या गजरापेक्षा हा गजर जास्त पाळला जातो, कारण त्याच्या शेवटी खायला मिळतं.

दुपारी शीत-कडी (भात आणि कालवण) पोटभर झाली की तासभर डोकं चालत नाही. त्याच्याशी झगडू नका. पंचवीस मिनिटं झोपा, गजर लावून. चाळीसच्या पुढे गेलात तर संध्याकाळपर्यंत सुस्ती राहते. उठल्यावर मेल, बिलं, फायलींची नावं नीट करणं, संदर्भ तपासणं. नवीन परिच्छेद या वेळी लिहायला घेऊ नका.

बाहेर बसून लिहायचं असेल तर जागा निवडताना एक गोष्ट लक्षात घ्या. पणजीतली जुनी कॅफे, उदाहरणार्थ ताटो किंवा भोसले, ही खाऊन उठण्याची ठिकाणं आहेत. पातळ भाजी, पाव, एक मिरची, चहा, वीस मिनिटं. लॅपटॉप उघडून टेबल अडवलं तर उभ्या माणसाची सोय जाते. तिथे वही न्या, खिशात मावणारी. आजूबाजूचं बोलणं ऐकायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि संवाद लिहिणाऱ्याला ते लागतंच. लॅपटॉपसाठी पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय जुनी गोमंतकीय वर्तमानपत्रं आणि पुस्तकं बघण्यासाठीही पहिलं ठिकाण. दक्षिणेत राहणाऱ्यांना मडगावचं गोमंत विद्या निकेतन जवळ पडतं. ग्रंथालयात जाण्याचा दिवस ठरवून ठेवा आणि आठवडाभरातले संदर्भ त्या दिवसासाठी साठवा. एका संदर्भासाठी फोंड्याहून पणजीला येण्यात अर्धा दिवस जातो.

वीज, पाऊस आणि दमट हवा

जूनपासून वीज बेभरवशाची असते. इनव्हर्टर नसला तरी काम अडू नये म्हणून राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेलं वाचा: बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ व्होल्टचे. चुकीचा व्होल्टेज दिला तर राउटर जळतो किंवा सतत बंद-चालू होतो. फायबर जोडणीत भिंतीवरचा डबा आणि राउटर वेगळे असतील, तर दोघांनाही वीज हवी. एकालाच यूपीएस लावून 'नेट का येत नाही' असं शोधण्यात खूप जणांचा वेळ जातो. आणि फोनवर पुरेसा डेटा ठेवा. बाराशे शब्दांची फाइल पाठवायला तो किती कमी लागतो हे लक्षात आलं की धावपळ थांबते.

दुरुस्तीसाठी ठरवून बंद ठेवायच्या विजेच्या बातम्या दैनिकांत येतात. आपल्या गावाचं नाव आहे का, हे सकाळी पेपर हातात आला की पाहा. नाव असेल तर त्या दिवशी हाताने लिहायचं काम ठेवा.

पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. पावसाळ्यात महत्त्वाची कागदपत्रं आणि हार्ड डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या दमट झाल्या की त्यांचा उपयोग संपतो; रंग बदलणाऱ्या घेतल्या तर ते कळतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांचे लॅपटॉपचे पोर्ट खाऱ्या हवेने गंजतात, म्हणून खिडकीखाली टेबल मांडू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. लेखाच्या तीन प्रती हव्यात: लॅपटॉपवर, ड्राइव्हवर आणि स्वतःला पाठवलेल्या मेलमध्ये.

'दर्या' आणि 'दऱ्या'

मराठीत लिहिणाऱ्याची सर्वांत जास्त चिडचिड होते ती छापून आलेल्या लेखात जोडाक्षरं मोडलेली पाहून. बऱ्याचदा दोष मुद्रितशोधकाचा नसतो, फाइलचा असतो. आपण युनिकोडमध्ये लिहितो. अनेक छपाईच्या ठिकाणी पान अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागतं. मधे रूपांतर होतं आणि तिथे काही अक्षरं हमखास बिघडतात.

पहिलं अक्षर ऱ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. 'आचार्यांना' बोलावलं तर व्याख्यान होतं, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर जेवण. हे ऱ्या दोन प्रकारे टंकलं जातं. एका प्रकारात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर ते अगदी बरोबर दिसतं, पण रूपांतरात न दिसणारं चिन्ह गळून पडतं आणि रफार होतो. दुसऱ्या प्रकारात नुक्त्याचा ऱ वापरतात. हाच वापरावा. इनस्क्रिप्ट कळफलकावर क्रम असा: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग काना हवा असेल तर ई. चार कळा. बोटांना आठवडाभरात सवय होते. जुन्या फायलींत दोन्ही प्रकार मिसळलेले असतील तर शोधा-बदला करून सगळे एकसारखे करून घ्या, नाहीतर 'दुसऱ्या' हा शब्द शोधल्यावर निम्मेच सापडतात.

ॲ हे अक्षरही असंच दोन प्रकारे येतं, आणि अवतरण चिन्हं तर बहुतेक वेळा उलटी होतात. म्हणून लेख पाठवताना दोन फायली द्या: एक वर्डची, युनिकोडमधली, दुसरी पीडीएफ, मूळ कसं दिसायला हवं ते कळण्यासाठी. मेलमध्ये एक ओळ लिहा, 'पान लागल्यावर ऱ्या, ॲ आणि अवतरण चिन्हं एकदा पाहावीत.' पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागून घ्यायला संकोच करू नका. तो आल्यावर पूर्ण लेख वाचत बसायचं नाही: मथळा, लेखकाचं नाव, फोटोखालच्या ओळी आणि ही तीन-चार अक्षरं. पाच मिनिटांत उत्तर द्या, कारण पलीकडे पान थांबलेलं असतं.

इंग्रजीतून अनुवाद करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती गोव्याबाहेरच्या ग्राहकाला समजावून सांगावी लागते. इंग्रजी कागदांत गावांची नावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात. ती अक्षराला अक्षर लावून मराठीत आणली की 'बिचोलिम', 'क्वेपेम', 'सांक्वेलिम' अशी नावं तयार होतात, जी इथला कोणीही उच्चारत नाही. डिचोली, केपे, साखळी असंच लिहायचं. तसंच म्हापसा, पेडणे, काणकोण, कुडचडे, कुंकळ्ळी, हळदोणे, शिवोली, चोडण, दिवाडी, सासष्टी, बार्देश. स्वतःची एक यादी तक्त्यात करून ठेवा: डावीकडे इंग्रजी वळण, उजवीकडे मराठी. भाटकार (जमीनमालक), मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा), कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था), कुळागर (नारळ-पोफळीची बाग) हे शब्द बदलू नका. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी पहिल्यांदा येतील तेव्हा वाक्यातच अर्थ येईल असं लिहा. 'मुंडकार' ऐवजी 'भाडेकरू' लिहिलं तर कायदेशीर अर्थच बदलतो.

दर, करार, बिल

दर दुसऱ्याला विचारून ठरवू नका, आधी आपला हिशेब करा. समजा घरखर्चाला महिना ३०,००० रुपये लागतात आणि कोरड्या महिन्यांसाठी ६,००० बाजूला टाकायचे आहेत. एकूण ३६,०००. महिन्यात कामाचे वीस दिवस, दिवसाला चार तास, म्हणजे ८० तास. तासाला ४५० रुपये झाले. अनुवाद तासाला तीनशे शब्द होत असेल तर शब्दाला दीड रुपया. यापेक्षा कमी दराचं काम घ्यायचंच नाही असं नाही. एखाद्या पुरवणीचं मानधन कमी असतं, पण तिथे लिहावंसं वाटतं. मात्र ते घेताना ती तूट कोणत्या कामातून भरायची, हे त्याच दिवशी ठरलेलं असावं.

पुस्तकाच्या कामाला तीस टक्के आगाऊ, मग प्रकरणांच्या गठ्ठ्यांप्रमाणे हप्ते, शेवटचा हप्ता छपाईशी बांधलेला नको. तो अंतिम प्रत सुपूर्द केल्यावर मिळायला हवा, कारण छपाई वर्षभर लांबते. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे, हे आधी मेलवर लिहून घ्या. फोनवर ठरलं असेल तर ठेवल्यावर लगेच चार ओळींचा मेल पाठवायचा: काम, शब्द, तारीख, रक्कम. 'बोलल्याप्रमाणे' या शब्दाने सुरुवात केली की समोरच्याला अविश्वास वाटत नाही.

हक्कांचं कलम वाचल्याशिवाय सही नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखनाचा पहिला मालक तो स्वतः असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ कोणी घातली असेल, तर ती घालून त्यांना जास्तीचं काय मिळतंय हे तुम्हाला कळलं पाहिजे, आणि त्याचा मोबदला मागितला पाहिजे.

बिल काम पाठवतानाच जोडा, महिनाअखेरीची वाट पाहू नका. त्यावर क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, शब्दसंख्या, दर, रक्कम, पॅन, बँक खातं आणि आयएफएससी. एकाच कंपनीकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त व्यावसायिक शुल्क मिळालं की १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जातो. २०२५ च्या एप्रिलपासून ही मर्यादा आहे. पॅन दिला नाही तर कपात २० टक्के होते. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते का, हे आयकराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला तपासा. टीडीएस वजा जाऊनही वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर आगाऊ कराचे हप्ते असतात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेल्यावर लागते.

पैसे थकवण्यावर एक चांगलं हत्यार आहे आणि फार कमी लेखक ते वापरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांसाठीची सरकारी नोंदणी, करा. आधार आणि पॅनवर होते, फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व्यवसायाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. बहुतेक वेळा तिथपर्यंत जावं लागत नाही. बिलाखाली उद्यम क्रमांक आणि 'देय मुदत ४५ दिवस' एवढं छापलेलं असलं की हिशेब खात्यात ते बिल वरच्या गठ्ठ्यात जातं.

उशीर होणार असेल तर

तो घरच्या तारखेलाच कळतो, आणि दोन तारखांचा सर्वांत मोठा फायदा हाच. कळल्याबरोबर सांगा. कारण एका ओळीत, नवी वेळ तासासह, आणि हातात आहे ते सोबत. असं:

'नमस्कार सर. खाजनवरचा लेख शुक्रवारी संध्याकाळऐवजी शनिवारी सकाळी दहापर्यंत देतो. बांधावरच्या भेटीचा दिवस पावसामुळे पुढे गेला. पहिले आठशे शब्द आणि दोन फोटो आताच जोडले आहेत, म्हणजे पानाचा अंदाज घेता येईल. शनिवारी अडचण होत असेल तर भेटीशिवायचा हजार शब्दांचा लेख आज रात्री देऊ शकतो, तसं कळवावं.'

या निरोपात संपादकाला निवड मिळते आणि पान रिकामं राहण्याची भीती जाते. 'जरा अडचणीत आहे, उद्या नक्की' यातून दोन्ही मिळत नाही. दिलेली नवी वेळ मात्र चुकवायची नाही. पहिला उशीर विसरला जातो, दुसरा नाही.

वर्षाचा नकाशा

जानेवारीत बसून वर्ष समोर मांडा. गोव्यात सगळ्यांत अवघड काळ म्हणजे चवथ, अर्थात गणेशचतुर्थी. दिवाळी अंकांचे लेख ऑगस्टच्या आसपास द्यायचे असतात, आणि त्याच सुमाराला घरात रंगकाम, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, गावी जाणं सुरू होतं. तारीख दरवर्षी हलते: २०२५ साली चवथ २७ ऑगस्टला होती, २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, म्हणजे आगाऊ कराच्या हप्त्याच्या आदल्या दिवशी. त्यामुळे कर चवथीच्या आधीच्या आठवड्यात भरून टाका. चवथीच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे, तुमच्या घरी गणपती जितके दिवस असेल तितके, कॅलेंडरवर आत्ताच काट मारून ठेवा. त्या काळात छापखान्यातली माणसंही गावी असतात, संस्थांचे फोन उचलले जात नाहीत, आणि माहिती मागवून लिहिण्याचं काम घेतलं तर अडकणार हे ठरलेलं. बाहेरगावच्या ग्राहकाला हे कळत नाही. त्याला जुलैमध्येच कळवा.

जून-जुलै लिहायला उत्तम. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारात सकाळी धावण्यासारखं फारसं काही नसतं, पाहुणे कमी येतात, आणि पावसाने घरात बसवलेलं असतं. लांब पल्ल्याचं काम, कादंबरीची प्रकरणं, पुस्तकाचा अनुवाद या दोन महिन्यांत ठेवा. याउलट एप्रिल-मे लग्नकार्यं आणि उकाडा. तिथे आखूड कामं घ्या आणि पैसे मानकुराद आंब्यासाठी ठेवा, तो काही वर्षभर थांबत नाही. श्रावणात कोणी रानातली अळमी (अळंबी) घेऊन दाराशी आलं, तर त्या दिवशीचं वेळापत्रक तासभर पुढे ढकला. ती निवडून धुवायला वेळ लागतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ती टिकत नाहीत.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्यांना चुकवायचा नसेल त्यांनी शुक्रवार हा दिवस कोणालाही तारीख म्हणून देऊ नये. 'गुरुवारी दुपारपर्यंत' असं सांगावं. संपादकाला एक दिवस आधी मिळतं, त्यामुळे कोणी नाही म्हणत नाही, आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता पिशवी घेऊन निघता येतं. नरकासुराच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या, रात्रीचंही तसंच: गावातली मुलं रात्रभर जागी असतात, ढोल-ताशांत लिहिणं शक्य नसतं, आणि पहाटे पाच-सहा प्रकारचे फोव (पोहे) करायचे असतात. दिवाळीच्या आदल्या दोन दिवसांवर एकही तारीख येणार नाही, एवढं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पाहून घ्या.